पातळ तासून घेतलेला खिशातला चाकू : रोजच्या वापरात दीर्घकाळ कसा टिकतो?

निमिष (धागालेखक)

माझ्या रोजच्या वापरातला घडीचा चाकू मी एका जाणकार कारागिराकडून पातळ तासून घेतला, त्याला आता बरीच वर्षे झाली. पाते मूळचेच आहे आणि पाठीची जाडीही पूर्वीइतकीच, म्हणजे ३ मिलिमीटर आहे; बदलला आहे तो पाठीपासून धारेकडे येणारा उतार. पूर्वी धारेच्या लगेच मागे पात्याची जाडी ०.६५ मिलिमीटर भरत असे, तासल्यानंतर ती ०.२५ मिलिमीटर झाली. पात्याची उंची, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर, २४ मिलिमीटर असून पोलाद १४सी२८एन हे आहे.

फरक सर्वांत आधी जाणवला तो जाड, पन्हळी पुठ्ठा कापताना. पूर्वी पाते थोडे आत गेले की अडत असे. धार तेज असली तरी पुठ्ठा पात्याच्या गालांना दोन्हीकडून दाबून धरी, आणि मग मनगटाचा जोर लावून चाकू पुढे रेटावा लागे. आता तोच पुठ्ठा एका ओढीत कापला जातो, आणि कापाच्या कडेकडे पाहिले तर आतल्या पन्हळी चेपलेल्या नसतात, त्यांची नागमोडी रेषा जशीच्या तशी उघडी दिसते. विशेष म्हणजे धार बरीच उतरल्यावरही हा चाकू कापत राहतो, कारण पाते वाटेत येत नाही.

मला विचारायचे आहे ते पुढचे. दर वेळी धार लावली की धारेची रेषा पाठीकडे किंचित सरकते आणि उतारामुळे धारेमागची जाडी हळूहळू परत वाढू लागते. ज्यांनी असा चाकू दीर्घकाळ वापरला आहे ते ही जाडी कशी राखतात? आणि पातळ पाते नाजूक असते असे जे सर्रास म्हटले जाते, ते रोजच्या कामात कितपत खरे ठरते? कापण्याच्या कामासाठीच वापरला तर पातळ चाकू लोक समजतात तितका नाजूक नसतो, असे माझे मत आहे. विरुद्ध अनुभव असल्यास तोही अवश्य लिहावा.

वर्कबेंच

चांगला विषय घेतलात. चर्चा पुढे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करू या, कारण त्यांची नेहमी गल्लत होते. धारेचा कोन ही एक गोष्ट आणि धारेमागची जाडी ही दुसरी. धार कशी लागते आणि किती टिकते हे कोनावर पुष्कळसे अवलंबून असते, पण वस्तूत शिरल्यावर पाते पाचरीप्रमाणे अडते की सरकत जाते हे जाडी ठरवते. कोन तसाच ठेवून नुसती जाडी कमी केली तरी चाकूचा स्वभाव बदलतो, आणि निमिष यांनी जे वर्णन केले आहे ते नेमके हेच आहे.

हिशेब सोपा आहे. कोन दर बाजूला १५ अंश धरला, तर धारेची चकचकीत पट्टी धारेमागच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसते. ०.६५ मिलिमीटर जाडीला ही पट्टी सुमारे १.२५ मिलिमीटर रुंद असते, तर ०.२५ मिलिमीटरला अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित कमी. याचा रोजच्या वापरात मोठा फायदा असा, की निसण्यावर टेकणारी पट्टी अडीच पटींहून अधिक अरुंद झाल्याने घासायचे पोलादच थोडे उरते, आणि बोथट झालेली धार फार थोड्या हातांत परत येते. पातळ चाकू वापरणारे लोक धार लावण्याचा कंटाळा करत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

आगंतुक

ही जाडी मोजायची कशी? साध्या कॅलिपरने जमते का, आणि नेमकी कुठे मोजायची?

वर्कबेंच

@आगंतुक, धारेची पट्टी जिथे संपते आणि पात्याचा उतार जिथे सुरू होतो, त्या खांद्यावर मोजायची. डिजिटल कॅलिपर चालतो, पण त्याचे जबडे पात्याला काटकोनात आणि अगदी हलके टेकवा, नाहीतर धारेवर ओरखडा येईल. मुठीजवळ, मध्ये आणि टोकाजवळ अशा तिन्ही ठिकाणी मोजा, कारण हाताने तासलेल्या पात्यात ती सगळीकडे सारखी क्वचितच असते. कॅलिपर नसेल तर भिंगातून पट्टीची रुंदी पाहा; कोन माहीत असेल तर अंदाज पुरेसा बरोबर येतो.

सांजवेळ

मी विरुद्ध बाजूने लिहितो. माझ्या कामात चाकू दिवसभर हातात असतो. केबलची वेष्टने सोलणे, प्लॅस्टिकचे टाय तोडणे, पॅकिंगच्या पट्ट्या कापणे, अधूनमधून लाकडी पेटीच्या फळीची ढलपी काढणे, अशी कामे एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येक कामासाठी वेगळे हत्यार काढायला सवड नसते. मीही ०.२ मिलिमीटरपर्यंत तासलेला चाकू काही काळ खिशात बाळगला. कापत तो फार सुरेख असे, त्याबद्दल वाद नाही. पण पुठ्ठ्यात दडलेली स्टेपलची पिन लागली की धारेला दाता पडे. टाय तोडताना पाते जरा जरी कलले तरी धार एका बाजूला वळे. माझ्या दुसऱ्या, न तासलेल्या जाड चाकूवर त्याच पिनेने केवळ एक बारीकशी चमक उठे.

यामागे कारणही आहे. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे जाडी निम्मी केली की तो निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. कारखाने धारेमागची जाडी जास्त ठेवतात ती अज्ञानामुळे ठेवतात असे मला वाटत नाही. चाकू कोणाच्या हाती जाणार आणि तो त्याने काय उचकटणार, हे त्यांना माहीत नसते. खिशातल्या एकुलत्या एका चाकूने सर्व कामांना उभे राहिले पाहिजे, आणि ज्याला सतत सांभाळावे लागते तो चाकू माझ्या दृष्टीने अर्धाच कामाचा.

शर्वरी

@सांजवेळ, घनाचा हिशेब बरोबर आहे, पण तो कलत्या, आडव्या जोराला लागू पडतो. सरळ कापात धारेवर येणारा जोर पात्याच्या उंचीच्या दिशेने जातो आणि तिथे पातळ पातेही पुरेसे भक्कम असते. शिवाय पातळ पात्याला मुळात जोरच कमी लागतो, त्यामुळे हात घसरण्याचा आणि पाते पिळले जाण्याचा संभवही घटतो. जाड चाकूने टाय तोडताना आपण जो झटका देतो, तो झटकाच पुष्कळदा धारेचा घात करतो.

मी पुस्तकबांधणीचे काम करते. बोर्ड, कापड, चामडे, जाड कागदाच्या थप्प्या हे माझे साहित्य आहे. माझ्या चाकूची धारेमागची जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास असून दीर्घ वापरात त्याला एकदाही दाता पडलेला नाही, कारण धातूशी त्याची गाठच पडत नाही. तेव्हा नाजूकपणाचा प्रश्न पात्याइतकाच कामाचाही आहे, हे तुमच्या आणि माझ्या अनुभवांतला फरक पाहिला तरी दिसते.

मितभाषी

शर्वरी यांना अनुमोदन.

ताम्रपट

अजून पोलादाबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पातळ तासायचे तर आधी पोलाद पाहावे. १४सी२८एन किंवा एईबी-एल या जातींत कार्बाइडचे (पोलादातल्या अतिकठीण संयुगाचे) कण बारीक आणि प्रमाणात थोडे असतात, त्यामुळे पोलाद चिवट राहते. एईबी-एल तर मुळात दाढीच्या पात्यांसाठी तयार झालेले पोलाद आहे, आणि दाढीच्या पात्याहून पातळ धार आपल्यापैकी कोणी खिशात बाळगत नाही. अशी पोलादे जोर सहन झाला नाही तर बहुधा वळतात आणि चामड्याच्या पट्ट्यावर किंवा बारीक निसण्यावर सरळ होतात.

याउलट एस९०व्हीसारख्या पोलादांत व्हॅनेडियमचे अतिशय कठीण कार्बाइड भरपूर असतात. ती झिजायला फार वेळ घेतात, पण चिवटपणा कमी असल्यामुळे फार पातळ केल्यास वळण्याऐवजी त्यांचे बारीक तुकडे उडतात आणि ते दाते घासून काढायलाही तेवढाच वेळ जातो. २०२१ साली आलेल्या मॅग्नाकट या पोलादात क्रोमियमचे कार्बाइड टाळून गंजरोधकता आणि चिवटपणा यांचा मेळ घातलेला आहे, त्यामुळे पातळ पात्यांसाठी ते अनेकांना आवडते. कठीणपणाही बघावा लागतो. रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५६ च्या आसपासचे मऊ पाते ०.१५ मिलिमीटरपर्यंत नेले तर ते लाकडाच्या गाठीवरसुद्धा वळू शकते. तेच पोलाद ६० ते ६२ च्या दरम्यान असेल तर उभे राहते.

झीज मोजण्याची आयएसओ ८४४२-५ ही जी चाचणी आहे, तिच्यात वाळूचे कण मिसळलेला कागदी बोर्ड यंत्राने कापला जातो. तिच्यात लहान कोनाची पाती नेहमी पुढे जातात. मात्र त्या बोर्डात स्टेपल नसते आणि यंत्राचे मनगट पिळले जात नाही. म्हणून चाचणीचा आकडा आणि सांजवेळ यांचा अनुभव, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

सांजवेळ

@ताम्रपट, हे पटले. माझा चाकू कठीण, व्हॅनेडियमयुक्त पोलादाचाच होता, आणि दाते पडत असत ते भिंगाखाली तुकडे उडाल्यासारखेच दिसत. पण मग तासून देणाऱ्याने ते आधी सांगायला नको का?

कोंदण

सांगायलाच हवे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे तासताना पाते थंड कसे ठेवणार. माझ्या परिचयातील एकाचे पाते घासायच्या यंत्राच्या कोरड्या बेल्टवर भराभर तासले गेले आणि त्याचे पाणी उतरले. साध्या कार्बन पोलादांना कडक केल्यानंतर साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून चिवटपणा दिलेला असतो. त्याहून जास्त तापमान झाले की कठीणपणा घटू लागतो. पाते पिवळसर दिसू लागले तर ते २०० च्या वर गेले असे समजावे, आणि निळे पडले तर सुमारे ३०० अंशांवर. पण पुढच्या बारीक बेल्टवर हा रंग घासला जातो आणि मालकाला चकचकीत, निर्दोष पाते मिळते. धारेजवळ धातू इतका थोडा असतो की तो पात्याच्या इतर भागाच्या कितीतरी आधी तापतो.

ओळखायची खूण अशी : धार लावली की उत्तम लागते आणि किरकोळ कामातच वळते, पुन्हा लावली की पुन्हा वळते. अशा वेळी चाकू टाकून देऊ नये. पुष्कळदा तापलेला भाग अगदी अरुंद असतो, आणि दोनचार वेळा नीट धार लावून तो झिजला की खालचे चांगले पोलाद हाती लागते. कारागीर पाण्याच्या धारेखाली किंवा प्रत्येक फेरीनंतर पाते बुडवून, उघड्या बोटांनी धरून काम करत असेल, तर काळजीचे कारण नाही.

आगंतुक

एक बाळबोध शंका. पातळच हवे तर पातळच चाकू का घेऊ नये? ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू तर पहिल्या दिवसापासून पातळ असतो.

शर्वरी

@आगंतुक, शंका अगदी रास्त आहे. १८९० पासून चालत आलेल्या त्या चाकूचे पाते पाठीशीही दोन मिलिमीटरहून कमी जाड असते आणि धारेकडे हलकेसे फुगीर होत उतरते. नुसते कापणे हेच काम असेल तर त्याच्यापुढे पुष्कळ महागडी पाती फिकी पडतात. स्विस आर्मी चाकूंचीही तीच गोष्ट. माझ्या मते पातळ तासून घेण्याची इच्छा होण्याआधी अशा एखाद्या चाकूने काही आठवडे काम करून पाहावे. पातळपणा आपल्या हाताला मानवतो की नाही ते स्वस्तात कळते, आणि अनेकांचा शोध तिथेच संपेल.

तरीही तासून घेण्याला अर्थ उरतो, कारण मूठ, खटका, उघडण्याची सोय, पोलाद हे सगळे आवडलेले असते आणि एक उतार तेवढा खटकत असतो. शिवाय पाठ ३ मिलिमीटर ठेवून धार ०.२५ केलेले पाते एकंदरीत ताठ राहते. बोर्डावर पट्टी धरून रेघ कापताना ते लवत नाही. सबंध पातळ पात्याला ही ताठरता नसते.

वर्कबेंच

निमिष यांचा मूळ प्रश्न मागे पडू नये म्हणून त्यांच्याच आकड्यांवर येतो. पाठ ३ मिलिमीटर, उंची २४ मिलिमीटर, धारेमागे ०.२५ मिलिमीटर. उतार सपाट असेल तर पाते १ मिलिमीटर झिजले की धारेमागची जाडी ०.११ च्या आसपास वाढते. म्हणजे १ मिलिमीटर झीज झाल्यावर ती ०.३६, २ मिलिमीटर झाल्यावर ०.४८, आणि मूळची ०.६५ गाठायला जवळजवळ साडेतीन मिलिमीटर झीज व्हावी लागेल. पाते पोकळ, म्हणजे चाकाच्या गोलाईने तासलेले असेल तर जाडी सुरुवातीला आणखी सावकाश वाढते आणि पुढे मात्र झपाट्याने.

आता साडेतीन मिलिमीटर हे पुष्कळ असते. बारीक निसण्यावर हलक्या हाताने धार लावली तर एका वेळेला मिलिमीटरचे काही शतांशच जातात. पात्याला खरा खर्च येतो तो दाते काढताना. अर्ध्या मिलिमीटरचा एक दाता पूर्ण काढायचा म्हणजे सगळ्या धारेची रेषा अर्धा मिलिमीटर मागे न्यायची, आणि त्या एका दुरुस्तीत दीर्घकाळच्या नेहमीच्या धार लावण्याइतके पोलाद जाते. म्हणून पातळ पात्याचे आयुष्य वाढवायचे असेल तर लहानसहान दाते पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. ते कापण्याच्या आड येत नाहीत, आणि पुढच्या काही धारांमध्ये आपोआप नाहीसे होतात.

कोंदण

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे.

जाडी राखण्याची माझी पद्धत लिहितो. दर वेळी गाल घासण्याची गरज नसते. धारेची पट्टी डोळ्याला रुंद वाटू लागली, की ४०० ग्रिटच्या पाण्याच्या निसण्यावर पाते जवळजवळ सपाट टेकवून दोन्ही बाजूंचे गाल समान हातांनी घासतो. दाब बोटांनी धारेच्या किंचित वर द्यायचा, पाठीवर नाही. खांद्याचा कंगोरा मोडला, पट्टी अरुंद झाली की थांबायचे. धारेपर्यंत पोहोचायचे नाही. मग १००० ग्रिटवर ओरखडे हलके करून नेहमीप्रमाणे धार लावायची. गालांवर ओरखड्यांची जाळी उमटते, पण कामात तिचा काहीही अडथळा होत नाही. ज्यांना पाते आरशासारखे ठेवायचे आहे त्यांनी मात्र हे काम कारागिराकडेच द्यावे.

धार लावतानाही पातळ पात्याला दाब सोसत नाही. जोरात दाबले तर धार निसण्यावर लवते, कोन आपल्याला वाटतो तितका राहत नाही, आणि लांबलचक बर, म्हणजे धारेवर उलटलेली धातूची बारीक कड, निघते. चाकूच्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडाच जास्त भार पुरतो. शेवटी दर बाजूला दोनतीन अंश वाढवून अगदी हलके एकदोन हात दिले, की त्या सूक्ष्म पट्टीमुळे धार पुष्कळ टणक होते आणि कापण्यात फरक जाणवत नाही.

मेघदूती

वाचनखूण साठवली आहे. या धाग्याचा परिणाम असा, की माझ्या लेकीने कॅलिपर ताब्यात घेतला असून घरातल्या प्रत्येक पात्याची जाडी वहीत लिहून काढली आहे. कात्री सर्वांत जाड निघाली, आणि आता तीही पातळ करावी असा तिचा आग्रह आहे.

ताम्रपट

@मेघदूती, लेकीचे कौतुक. मात्र तिला सांगा, की कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून कापतात, म्हणून तिथे हा नियम लागू होत नाही आणि आतली सपाट बाजू कधीही घासायची नसते.

सांजवेळ

कोंदण यांच्या सूक्ष्म पट्टीच्या सूचनेमुळे मी पुन्हा विचार करू लागलो आहे. टोकाविषयी मात्र कोणी बोलले नाही. पात्याची उंची टोकाकडे कमी होत जाते आणि पाठही तिथे निमुळती होते. सबंध पाते सारखे पातळ केले तर टोक कागदासारखे राहते. ज्यांना टोकाने भोक पाडायचे असते किंवा पिनेचे पाय उचलायचे असतात, त्यांच्या हाती ते मोडते.

वर्कबेंच

बरोबर. टोकापासून साधारण एक सेंटिमीटर भाग थोडा जाड राखायला सांगता येते, आणि चांगला कारागीर स्वतःहूनच तसे सुचवतो. पिनेचे पाय उचलणे हे मात्र पातळ किंवा जाड कोणत्याच टोकाचे काम नव्हे.

आगंतुक

गंजाचे काय? तासताना वरचा काळा लेप निघून जाईल ना?

कोंदण

@आगंतुक, लेप निघतोच, आणि खाली उघडे पोलाद उरते. १४सी२८एन किंवा मॅग्नाकटला कोरडे पुसून ठेवणे पुरते. साध्या कार्बन पोलादाला वापरानंतर तेलाचा हात द्यावा, कारण गंज धारेवरच आधी चढतो आणि इतक्या पातळ धारेला तो टोकरायला वेळ लागत नाही. घामाच्या खिशात दिवसभर असणाऱ्या चाकूला हे विशेष लागू आहे.

निमिष

सर्वांचे मनापासून आभार. वर्कबेंच यांचा हिशेब वाचून आज पाते मोजले. मध्यभागी धारेमागे ०.३२ मिलिमीटर भरले, मुठीजवळ ०.३ आणि टोकाजवळ ०.४. म्हणजे मला वाटत होती ती भीती निराधार होती. एवढ्या वापरानंतरही टोक सोडले तर जाडी मूळच्या निम्म्याच्या आतच आहे. टोकाकडे ती जास्त वाढली आहे, कारण माझी बहुतेक कामे टोकाच्या भागाने होतात आणि निसण्यावरही मी तोच भाग जास्त फिरवतो. कोंदण यांच्या पद्धतीने तेवढाच भाग हलका करून घेईन.

सांजवेळ यांच्या आक्षेपामुळे माझे मत थोडे बदलले आहे. 'कापण्यासाठीच वापरला तर' हे म्हणायला सोपे आहे, पण पुठ्ठ्यातली पिन दिसत नाही, आणि तिच्यावर धार गेली तर त्याला गैरवापर म्हणणे अन्यायाचे आहे. माझ्या मूळच्या विधानात पोलादाची अट घालायला हवी.

सांजवेळ

@निमिष, मोकळेपणाने लिहिलेत, आवडले. मग माझ्यासारख्याने पुन्हा तासून घ्यायचे ठरवले, तर किती जाडी मागावी?

वर्कबेंच

@सांजवेळ, तुमच्या कामाला ०.२ नकोच. चिवट पोलादाचा चाकू घ्या, धारेमागे ०.४ मिलिमीटर ठेवायला सांगा आणि धारेचा कोन दर बाजूला १७ ते १८ अंश राखा. मुठीलगतचा दोन सेंटिमीटर भाग ०.५ च्या आसपास राहू द्या, आणि टाय किंवा पट्ट्या तोडायच्या त्या तिथेच. मुठीजवळ हाताचा ताबाही अधिक असतो आणि पाते कलत नाही. पुढचा भाग पुठ्ठा आणि वेष्टने यांच्यासाठी मोकळा राहील. तासायला देण्यापूर्वी चाकू खोलून फक्त पाते द्या, आणि खटका ज्या पृष्ठभागावर बसतो त्याला बेल्ट लागता कामा नये हे स्पष्ट सांगा. तिथे थोडे जरी घासले गेले तरी पाते उघडल्यावर डुगडुगते आणि ते सहजासहजी दुरुस्त होत नाही.